गोल चट्टा म्हणजे गजकर्णच का? उपकेंद्रात बसून त्वचारोग ओळखायचे कसे

सातपुडा_सीएचओ (चोपडा तालुका)

नमस्कार. मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रात अंगावरच्या चट्ट्यांचे पेशंट बारा महिने असतात, पावसाळ्यात तर रांग लागते. येणारा प्रत्येक जण "गजकर्ण झालंय" असंच सांगतो आणि हातात मेडिकलवरून आणलेली अर्धी संपलेली ट्यूब असते. पण त्यात गजकर्ण किती, इसब किती, सोरायसिस किती, आणि एखादा कुष्ठरोगाचा चट्टा नजरेतून सुटतोय का, हा घोर लागून राहतो.

माझ्याकडे टॉर्च, भिंग, काचेच्या स्लाइड, कापूस आणि बॉलपेन एवढंच आहे. मायक्रोस्कोप पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे. एवढ्यावर नेमकं काय बघायचं, कशाला हात लावून बघायचं? बधिरपणाची तपासणी पुस्तकात दोन ओळींत आहे, ती करताना चुका कुठे होतात? आणि कोणाला थांबवून न ठेवता लगेच धुळ्याला किंवा जळगावला पाठवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

त्वचा_ओपीडी_धुळे

ताई, आकार बाजूला ठेवा, कड बघा. गोल चट्टा देणारे आजार डझनभर आहेत, पण त्यांची कड एकसारखी नसते. पेशंटला खिडकीपाशी घ्या. टॉर्च समोरून मारू नका, कातडीला जवळजवळ समांतर, तिरपा धरा. उंचवटा आणि कोंडा तिरप्या उजेडातच दिसतो, समोरच्या उजेडात सगळं सपाट वाटतं.

गजकर्णाची कड शेताच्या बांधासारखी असते: कडेला चढ, मधे सपाट. त्या बांधावर बारीक पुळ्या आणि कोंडा, आतली कातडी निवत आलेली, थोडी काळवंडलेली. बुरशी कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन खात बाहेर सरकते, म्हणून जिवंत बुरशी कडेला सापडते, मध्यात नाही. जांघ, कंबर, कुल्ले, स्तनांखालची घडी या तिच्या हक्काच्या जागा. कमरेचा करदोडा उचलून खाली बघाच. ओला करदोडा बुरशीचं घर होतो, आणि तो काढल्याशिवाय कमरेचं गजकर्ण परत परत येतं. सध्या आपल्याकडे दिसणारी बुरशी चिवट आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव तिला 2020 साली मिळालं, आणि तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध चालत नाही. त्यामुळे "महिना झाला, औषध घेऊनही उतरत नाही" हे नेहमीच पेशंटचं दुर्लक्ष नसतं.

इसबाची कड विरघळलेली असते. चट्टा इथे संपला असं बोट ठेवून सांगता येत नाही. ताजं इसब पाझरतं, त्यावर मधासारखी पिवळी खपली धरते. जुन्या इसबात खाजवून खाजवून कातडी जाड होते आणि तिच्यावरच्या नैसर्गिक रेषा खोल, ठळक दिसतात. तान्ह्या बाळात गाल, थोड्या मोठ्या मुलात कोपराची आणि गुडघ्यामागची घडी. फसवतं ते नाण्याएवढं गोल इसब, नडगीवर येणारं. ते गोल असतं, कडही बऱ्यापैकी स्पष्ट असते, म्हणून सर्रास गजकर्ण समजून त्यावर बुरशीचं मलम चालू राहतं. फरक मध्यात आहे: गजकर्णाचा मधला भाग निवतो, याचा मधला भाग कडेइतकाच पाझरतो आणि खाजतो.

सोरायसिसची कड कात्रीने कापल्यासारखी, पण मधे निवळ नाही, सगळीकडे सारखी जाडी. पुस्तकातला "लाल चट्टा" आपल्या सावळ्या कातडीवर शोधत बसू नका. इथे तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि वरचा पापुद्रा चंदेरी-राखाडी. स्लाइडच्या कडेने हलकं खरवडलं की मेणबत्तीचं मेण खरवडल्यासारखे पापुद्रे सुटतात, आणि शेवटचा पातळ पडदा निघाला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात. एवढं खरवडायची गरज सहसा पडत नाही. कोपर, गुडघे, माकडहाड, केसांची रेघ ओलांडून कपाळावर उतरलेला जाड कोंडा, आणि नखं बघितली की बहुतेक वेळा कळतं. नखावर शिवणाच्या टोपणासारखे बारीक खड्डे असतात. सोरायसिस वाटला तर हाताची दहाही नखं बघितल्याशिवाय पेशंटला उठू देऊ नका. आणि त्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या कोणी देत असेल तर त्याची नोंद चिठ्ठीवर ठळक लिहा. ते अचानक बंद झाले की सगळ्या अंगावर पूच्या पुळ्या उठू शकतात.

अंगभर बारीक चट्टे एकदम उठले असतील तर "सगळ्यात आधी एखादा मोठा चट्टा आला होता का?" असं विचारा. आधी एक मोठा, मग एक-दोन आठवड्यांनी छाती-पाठीवर बरेच लहान, फासळ्यांच्या रेषेत तिरके लागलेले, आणि कोंडा कडेच्या जरा आत कॉलरसारखा उभा: हा पिटिरियासिस रोझिया. सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जातो. मात्र तळहात-तळपायावरही डाग असतील तर सिफिलिसची रक्ततपासणी केल्याशिवाय हे नाव द्यायचं नाही.

पांढरट डागांचं थोडक्यात. छाती, पाठ, मानेवर ठिपके आणि नखाने ओरखडलं की कण्यासारखा बारीक कोंडा उडतो, ते शिबं. औषधाने बुरशी मेली तरी रंग भरायला काही महिने लागतात. पेशंटला हे आधीच सांगा, नाहीतर तो औषध फसलं म्हणून दुसरी ट्यूब आणतो. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, खरखरीत डाग "जंताचे" नसतात, कॅल्शियमच्या कमतरतेचेही नसतात. ती कोरडी, सौम्य इसबाची कातडी असते, आजूबाजूची उन्हाने रापते म्हणून डाग उठून दिसतो. साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल पुरतं. दुधासारखा पांढरा, कोंडा नसलेला, स्पर्श शाबूत असलेला डाग म्हणजे कोड. कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढाच पांढरा डाग असेल तर चिकटटिकलीच्या गोंदातलं रसायन हे कारण आधी धरा आणि टिकली बंद करायला सांगा.

पीएचसीला खरवड पाठवायची तर मलम निदान आठवडाभर बंद हवं. स्पिरिटने पुसा, 15 नंबरच्या ब्लेडच्या बोथट बाजूने कडेवरचा कोंडा आतून बाहेर खरवडा. स्लाइडवर 10 टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) एक थेंब, वर कव्हर स्लिप, 15 ते 20 मिनिटं थांबा. घाईने उकळी येईपर्यंत तापवलं की स्फटिक होतात आणि काही दिसत नाही. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली करून उजेड कमी ठेवा, आधी 10चं भिंग, मग 40चं. पेशींच्या भिंती ओलांडून जाणारे, फाटे फुटलेले, सारख्या जाडीचे धागे दिसले तर बुरशी. पेशींच्या कडांचं जाळं हुबेहूब धाग्यासारखं दिसतं, पण ते पेशीच्या कडेकडेने वळतं, पेशी छेदत नाही.

कुष्ठकार्य_नंदुरबार

सरांनी कडेचं सांगितलं, मी स्पर्शाचं लिहितो, कारण चूक तिथेच जास्त होते.

आधी बोटांनी चट्टा चाचपून बघा. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस, कोरडा, त्यावर घाम नाही, केस विरळ, आणि खाज नाही. भर उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 वर असताना अंग घामाने निथळतंय आणि तेवढाच चट्टा कोरडा राहतोय, हे पेशंटला स्वतःलाच ठाऊक असतं. विचारलं की सांगतो. पण विचारावं लागतं.

आता तपासणी. पेशंटला बसवून काय करणार ते सांगा. डोळे उघडे असताना चांगल्या कातडीवर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवा आणि "जिथे लागेल तिथे बोट ठेवा" असं सांगा. दोन-तीनदा सराव झाला की डोळे मिटायला लावा. मग कधी चट्ट्याच्या मध्यावर, कधी कडेवर, कधी चांगल्या कातडीवर, क्रम बदलत टेकवा. टेकवायचं, ओढायचं नाही. ओढलं की शेजारची कातडी हलते आणि तिथून जाणीव होते. दाबायचंही नाही, पेनच्या टोकाखाली बारीकसा खळगा पडला की बास. आणि प्रत्येक वेळी "कळलं का?" विचारायचं नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. आपण विचारलं की पेशंटला समजतं आत्ता काहीतरी टेकवलं, आणि तो "हो" म्हणून टाकतो. मधे पाच-सात सेकंद गप्प राहा, काहीच टेकवू नका. तेव्हाही त्याने बोट ठेवलं तर तो अंदाजाने खेळतोय, पुन्हा समजावून पहिल्यापासून करा. टाचेच्या भेगाळ, जाड कातडीवर ही तपासणी खोटी बधिर येते, ती गृहीत धरू नका.

दोन अपवाद लक्षात असू द्या. चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, तिथल्या कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत असू शकतो. आणि जास्त जंतूंच्या प्रकारात सुरुवातीला बधिर चट्टाच नसतो. कातडी तेलकट-चकचकीत आणि किंचित जाड, कानाच्या पाळ्या भरलेल्या, भुवयांचे बाहेरचे केस विरळ. असा चेहरा तब्येतीने "भरलाय" असं घरचे म्हणतात.

मग नसा. पेशंटचा कोपर अर्धवट वाकवा, आतल्या हाडाच्या मागच्या खोबणीत तुमची बोटं आडवी फिरवा. दोन्ही बाजूंची तुलना करा, एका बाजूची नस दोरीसारखी जाड किंवा दुखरी आहे का. तसंच गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, बारीक हाडाच्या मानेशी. ताकदीसाठी करंगळी बाहेर ताणायला, अंगठा वर करायला, पाऊल वर उचलायला सांगा आणि तुमच्या बोटाने विरोध करा. डोळे हलकेच मिटायला लावा, फट राहते का बघा.

पाचपर्यंत चट्टे म्हणजे कमी जंतूंचा प्रकार, सहा किंवा जास्त म्हणजे जास्त जंतूंचा. उपचार अनुक्रमे 6 आणि 12 महिने, सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत. घाई कुठे करायची? जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस ठणकायला लागली, किंवा हाता-पायातली ताकद नव्याने गेली, तर त्याच दिवशी पाठवा. ही कुष्ठरोगाची रिॲक्शन आहे. सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड चालू झालं तर गेलेली ताकद परत यायची आशा असते, नंतर बोटं वाकडी ती वाकडीच.

औषधी_भुसावळ

मेडिकल काउंटरची बाजू मांडतो. त्या अर्ध्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, पेशंट खूश होतो. पण कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने बुरशी खाली पसरतच राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने उठते, आणि तोवर सरांनी सांगितलेला बांध पुसला गेलेला असतो. चट्टा वेडावाकडा, एका कड्यात दुसरं कडं, कोंडा कमी, मधे पुळ्या. जांघेत पांढरट-जांभळ्या रेषा पडल्या तर त्या कायमच्या, कुठल्याच औषधाने जात नाहीत. 2018 पासून ही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी विकली जातात, हे आमच्या धंद्याला शोभत नाही. ताई, पेशंटला "कोणतं मलम लावलं" असं विचारू नका, नाव कोणाला आठवत नाही. रिकामी ट्यूब घेऊन यायला सांगा आणि मागचं बारीक छापलेलं वाचा. नाव "सोल", "सोन" किंवा "मेट"ने संपत असेल तर वाचून खात्री करा. क्लोट्रिमाझोलही "सोल"सारखं ऐकू येतं पण ते बुरशीचं औषध आहे, म्हणून ऐकून नाही, वाचूनच ठरवायचं.

मात्रेचं सांगतो, कारण मलम कमी पडलं तरी गजकर्ण परत येतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेषेपर्यंत मलमाची एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढं लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर रोज एक ग्रॅम, म्हणजे 15 ग्रॅमची ट्यूब 15 दिवस. दोन्ही जांघा आणि कंबर धरली असेल आणि पेशंट म्हणत असेल की एक ट्यूब महिनाभर पुरली, तर त्याने औषध लावलेलं नाही, दाखवलंय. चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे. घरात ज्याला ज्याला आहे त्याचा उपचार एकाच वेळी. टॉवेल वेगळे, चड्डी-परकर उलटे करून कडक उन्हात वाळवायचे.

सातपुडा_सीएचओ (चोपडा तालुका)

सर, भाऊ, मनापासून आभार. बधिरपणा तपासताना "कळलं का" असं आम्ही सगळ्याच विचारतो, हे उद्याच्या आशा बैठकीत सांगते.

अजून एक. पावसाळ्यात "नागीण" म्हणून गेरू फासून येतात, पण निम्म्यांची नागीण वाटत नाही. आणि शेतमजुरांच्या मानेवर-पापण्यांवर जाड, काळपट, खाजणारी कातडी दिसते, ती दरवर्षी पावसाळ्यात चेवते. ही कशाने?

त्वचा_ओपीडी_धुळे

नागीण शरीराच्या एकाच बाजूला येते, मध्यरेषेपाशी थांबते. आधी दोन-तीन दिवस नुसती आग आणि ठणका, मग लालसर जागेवर पाणफोडांचे घोस. दोन्ही बाजूंनी मिळून वेढा पडला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे, पण तिच्यापायी पेशंट औषधाऐवजी उतारा करून घेण्यात दिवस घालवतो. फोड आल्यापासून 72 तासांत ॲसायक्लोव्हिर चालू झालं तर फायदा सगळ्यात जास्त. मोठ्या माणसाला 800 मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, 7 दिवस. किडनीचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात आहे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

तुम्हाला दिसणारी बाकी निम्मी बहुधा पिडेरस किड्याची. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा, पावसाळ्यात रात्री दिव्यावर येतो. तो चावत नाही, अंगावर चिरडला की त्यातलं रसायन भाजतं. रात्री काही कळत नाही, एक-दोन दिवसांनी चाबकाचा वळ उठावा तशी लांब लाल रेघ, मधे पिवळसर पुळ्या. मानेवर, चेहऱ्यावर, कोपराच्या घडीत. घडीत असेल तर समोरासमोर एकसारखे दोन डाग, कारण हात दुमडला की एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटतो. मज्जातंतूच्या पट्ट्याशी त्याचा संबंध नसतो. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, आणि जागा साबणाने लगेच धुवायची.

तिसरी शक्यता बिब्बा. गुडघा दुखला, टाच दुखली की बिब्ब्याचा चटका देतात. तो उतला की काळ्या डागाभोवती फोड येतात, आणि रस हाताला लागून चेहऱ्यावर, जांघेतही उठतात. डाग काळा, मधे भाजल्यासारखा, हीच खूण.

मान-पापण्यांचं कारण बहुतेक गाजर गवत. पुण्यात 1955-56च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि आज कपाशीच्या, केळीच्या बांधावर सगळीकडे आहे. त्याचा वाळलेला चुरा वाऱ्यावर उडून उघड्या कातडीवर बसतो. उन्हाची ॲलर्जी की गाजर गवत, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. उन्हाचा त्रास सावलीच्या जागा सोडतो: वरची पापणी, कानामागचा भाग, हनुवटीखालचा भाग. चुरा मात्र तिथेही पोचतो. या तिन्ही जागा आणि कोपराची घडी धरली असेल तर गवतच. उपचार तज्ज्ञांकडे, पण गवत जाळू नका, काढताना लांब बाह्या, रुमाल, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे वेगळे.

खरूज राहिलीच. तिच्यासाठी कड बघायची नाही, जागा बघायच्या: बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, काख, जननेंद्रिय. आणि अहिराणीत दोन प्रश्न: "रातले जास्त खाज येस का? घरमा आजून कोनले खाज येस?" दोन्हींना हो आलं तर परमेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, 8 ते 12 तास, मोठ्या माणसाला 30 ग्रॅम. सात दिवसांनी पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो नसो. किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा लावू नका.

थांबवून ठेवायचे नाहीत असे: नवीन गोळ्या चालू झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात-डोळ्यांत जखमा किंवा कातडी सोलणं, काचेची स्लाइड दाबली तरी न मावळणारे जांभळे ठिपके, सगळं अंग लाल होऊन कोंडा गळणं. तरुण पोराच्या घोट्याजवळ महिनोन्‌महिने न भरणारी जखम असेल तर आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी आधी करा. जुन्या भाजल्याच्या व्रणातली न भरणारी जखम आणि तळपायावरचा वाढता काळा डाग, हे दोन्ही तुकडा काढून तपासायला पाठवायचे.

ईसंजीवनी_डेस्क_जळगाव

ताई, ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टरी सल्ला सेवेवर) फोटो पाठवाल तेव्हा फ्लॅश बंद ठेवा, त्याच्या चकाकीत कोंडा दिसत नाही. एक फोटो लांबून, म्हणजे चट्टा शरीरावर नेमका कुठे आहे ते कळेल. दुसरा हातभर अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिसरा फक्त कडेचा, तिरप्या उजेडात. चट्ट्यावर हळद, गेरू, तेल असेल तर आधी धुऊन कोरडं करा. पित्त उठलं असेल तर एका गांधीभोवती पेनने रेघ मारून वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेचा फोटो पाठवा. 24 तासांत ती जागा मोकळी झाली तर साधं पित्त. तीच गांध तिथेच राहिली, दुखली, जाताना काळा डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांना सूज आहे का ते बघावं लागतं. फोटोसोबत तीन गोष्टी लिहा: किती दिवसांपासून, काय काय लावलं, बधिरपणा तपासला का.